घरच्या शुश्रूषेचे मोल

आपल्या छत्रपती संभाजीनगरात ‘घाटी’तून, म्हणजे शासकीय रुग्णालयातून, रोग्याला घरी सोडले की नातलग सुटकेचा निःश्वास टाकतात. खरे काम मात्र तेथून पुढे सुरू होते. जखम धुणे, कूस पालटणे, वेळेवर औषध देणे. हे कोणी करावयाचे आणि त्याचे दाम कोणी द्यावयाचे?

२०१८ साली आयुष्मान भारत योजना आली. तिने एकेका उपचाराचा ठोक दर बांधून दिला व त्यात रुग्णालय सोडल्यानंतरच्या १५ दिवसांची औषधे आणि तपासण्या धरल्या. २०१९ व २०२२ साली हे दर पुन्हा तपासले गेले. तरी विमा मुख्यतः खाटेभोवतीच फिरतो. पक्षाघाताचा रोगी सोळाव्या दिवशी बरा होतो थोडाच!

घरच्या सेवेला दर लावताच येत नाही, असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात बालकांची काळजी घेवविली. त्यामुळे नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ साली ही रीत देशाने उचलली. विम्यातून नव्हे, पण सरकारी मानधन म्हणून ‘आशा’ताईंना सहा भेटींचे २५० रुपये ठरले. भेटीमागे ४२ रुपयेही पडेनात! जाण्यायेण्याचा आणि वेळेचा हिशेब त्यात कोठे?

आमचे म्हणणे एवढेच की, विम्याचे दर तपासताना खाटेबरोबर घरच्या सेवेचे तासही मोजावे, आणि ते पुरेसे मोजावे. नाहीतर तो भार घरातील सुनेवर वा लेकीवर पडतो, आणि तिची बुडालेली मजुरी कोणत्याच हिशेबात येत नाही.