समुद्राचा कायदा, माणसाचा हक्क

वानुआतू हा प्रशांत महासागरातला ऐंशीएक बेटांचा देश. तिथे दक्षिण प्रशांत विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये ठरवलं, की हवामानबदलाचा प्रश्न थेट द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे न्यायचा. त्यांच्या सरकारनं ही मागणी उचलून धरली. मार्च २०२३ च्या पहिल्याच आठवड्यात ज्युडी आणि केविन ही दोन चक्रीवादळं लागोपाठ वानुआतूवर आदळली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं या प्रश्नावर न्यायालयाचं मत मागणारा, वानुआतूच्या पुढाकारानं आलेला ठराव एकमतानं मंजूर केला.

बेटांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, कारण २०१५ चा पॅरिस करार त्यांना अपुरा वाटत होता. त्या करारात प्रत्येक देश आपलं उद्दिष्ट स्वतःच ठरवतो आणि ते चुकलं तरी दंड होत नाही. म्हणून त्यांनी जुन्या कायद्यांत आधार शोधला. पहिला आधार होता समुद्राचा कायदा.

संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार १९८२ चा. तो १९९४ मध्ये लागू झाला आणि १९९५ मध्ये भारतानंही त्याला मान्यता दिली. त्यात सागरी प्रदूषणाची व्याख्या आहे: माणसानं थेट किंवा आडवळणानं समुद्रात असा पदार्थ किंवा अशी ऊर्जा सोडणं, जिच्यामुळे हानी होते किंवा होण्याचा संभव असतो. करार झाला तेव्हा डोळ्यांपुढे तेलगळती आणि सांडपाणी होतं. पण पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानं पोटात घेतली आहे, आणि आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्साही. त्यानं पाणी तापतं, त्याची आम्लता वाढते, प्रवाळ मरतात, शिंपल्यांना कवच बांधणं जड जातं. कार्बन डायऑक्साइड हा पदार्थ आणि उष्णता ही ऊर्जा. व्याख्येतले दोन्ही शब्द लागू पडतात.

अँटिग्वा-बार्बुडा आणि तुवालू यांनी २०२१ मध्ये स्थापन केलेल्या लहान बेटांच्या आयोगानं हाच युक्तिवाद हॅम्बुर्गच्या सागरी कायदा न्यायाधिकरणापुढे मांडला. २१ मे २०२४ रोजी न्यायाधिकरणानं एकमतानं मत दिलं: हरितगृह वायूंचं उत्सर्जन हे सागरी प्रदूषणच आहे, ते रोखण्यासाठी सर्व आवश्यक उपाय करणं देशांवर बंधनकारक आहे, आणि नुसतं पॅरिस कराराकडे बोट दाखवून ही जबाबदारी संपत नाही.

दुसरा आधार मानवी हक्कांचा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर समुद्र पूर्वजांच्या दफनभूमीपर्यंत शिरला. तिथल्या मूळ रहिवाशांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागितली. वेळेवर पुरेसं संरक्षण न देऊन ऑस्ट्रेलियानं त्यांच्या घरादाराच्या आणि संस्कृतीच्या हक्कांचा भंग केला, असं समितीनं सप्टेंबर २०२२ मध्ये म्हटलं.

हे दोन्ही प्रवाह २३ जुलै २०२५ रोजी द हेगमध्ये एकत्र आले. न्यायालयाचं मत एकमुखी होतं. स्वच्छ, निरोगी पर्यावरण नसेल तर इतर मानवी हक्क उपभोगताच येत नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या देशाला, कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यास, भरपाईही द्यावी लागू शकते. बेटांसाठी आणखी एक गोष्ट मोलाची ठरली. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर देशाचा आर्थिक हक्क असतो, आणि किरिबाटी, तुवालूसारख्यांच्या तिजोरीला ट्यूनाच्या मासेमारी परवान्यांचा मोठा आधार आहे. किनारा बुडाला तरी रीतसर ठरलेल्या सागरी सीमा नव्यानं आखण्याची सक्ती नाही, हे न्यायालयानं स्पष्ट केलं.

ही सल्लागार मतं आहेत. निकालासारखी त्यांची अंमलबजावणी होत नाही. पण ज्या कायद्याचा अर्थ त्यांनी लावला तो बंधनकारक आहे, आणि उद्या कोणत्याही देशातला वकील त्या अर्थाचा आधार घेऊ शकतो.

भारतानंही द हेगमध्ये बाजू मांडली. हवामान बिघडवण्यात श्रीमंत देशांचा वाटा मोठा, तेव्हा भारही त्यांनीच अधिक उचलावा, ही भूमिका न्याय्य आहे. मात्र तोच न्याय घरातही लागू व्हायला हवा. माळढोक पक्ष्याच्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क मानला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळानं रायगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, होड्या फोडल्या, छपरं उडवली. अशा वेळी मिळणाऱ्या मदतीकडे आपण सरकारची कृपा म्हणून पाहतो. कोळीवाड्यातल्या माणसाला वादळापूर्वीच सुरक्षित निवारा, भक्कम बंदर आणि शाबूत खारफुटी मिळणं हा त्याचा हक्क आहे. वानुआतूच्या मुलांनी जगाकडे जे मागितलं, ते कोकणानं आपल्या सरकारकडे मागायला आता कायद्याची भक्कम जमीन आहे.