पोहून बाहेर आल्यावरचा अर्धा तास
व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी त्वचेची काळजी कशी घ्यावी?

दिवसभर व्हीलचेअरवर बसून ज्या हाडांवर शरीराचा सारा भार पडतो, त्यांना पाण्यात विसावा मिळतो. सांधे मोकळे होतात, दमसास वाढतो. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून पायांचे बळ गमावलेल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचेच सुवर्णपदक जिंकले होते. समुद्र दाराशी असलेल्या गोव्यात हा व्यायाम अधिक जणांनी करावा, असाच आहे. मात्र त्वचेला खरा धोका असतो तो पोहून बाहेर आल्यानंतर.

पाण्यात बराच वेळ राहिल्यावर बोटांना सुरकुत्या पडतात, हे सर्वांनी पाहिलेले असते. अशी भिजून मऊ झालेली त्वचा लवकर सोलते. ओल्या कपड्याशी तिचे घर्षणही अधिक होते. ओल्या पोशाखातच खुर्चीवर बसून शरीर पुढे सरकवले, तर त्वचा कापडाला चिकटून राहते आणि आतले हाड सरकते. या ओढाताणीत मधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पिळल्या जातात. बैठकीची हाडे, माकडहाड, खुबे आणि टाचा या जागी दाबव्रण, म्हणजे आपण ज्याला बेडसोअर म्हणतो तो, होण्याचे हे एक कारण. पोलिओमुळे पाय अधू झालेल्यांची संवेदना सहसा शाबूत असते, त्यामुळे खुपले तर त्यांना कळते. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना मात्र ही वेदनेची सूचना अनेकदा मिळतच नाही.

म्हणून तलावाच्या खडबडीत काठावरून अंग घासत वर येऊ नये. काठावर जाड, मऊ गादी अंथरावी. तळाच्या लाद्यांवर पाय फरफटून बोटे सोलतात आणि पत्ताही लागत नाही, त्यासाठी पाण्यात वापरायचे मोजे उपयोगी पडतात. खुर्चीची नेहमीची उशी कोरडी राहिली पाहिजे. उशीवर टॉवेलची घडी घालून बसण्याची सवय अनेकांना असते. पण त्या घडीच्या चुण्याच त्वचेत रुततात. शक्य असेल तेथे आंघोळीसाठीची वेगळी खुर्ची वापरावी आणि ओला पोशाख उतरवून, अंग कोरडे करूनच आपल्या खुर्चीवर यावे.

क्लोरीनयुक्त पाणी त्वचा रुक्ष करते, तर समुद्राचे मीठ आणि वाळू जांघेत व नितंबांच्या घडीत अडकून घासत राहतात. त्यामुळे लगेच गोड्या पाण्याने स्नान करावे. पाणी किती गरम आहे, हे संवेदना असलेल्या हाताने किंवा कोपराने आधी तपासावे. बधिर पायांवर कढत पाणी पडून भाजल्याचे उशिरा लक्षात येते. अंग रगडून न पुसता टिपून घ्यावे. सौम्य मलम हाता-पायांना लावावे, पण बोटांच्या बेचक्यांत आणि जांघेत नको. तेथे ओलावा साचला की बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर कपडेही नीट वाळत नाहीत.

यानंतर आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा घेऊन सर्व जागा पाहाव्यात. लालसर दिसणारी जागा बोटाने दाबल्यावर फिकी पडत नसेल, किंवा त्या जागेवरचा भार काढून अर्ध्या तासानेही डाग जात नसेल, तर ती दाबव्रणाची सुरुवात समजावी. सावळ्या त्वचेवर लाली दिसेलच असे नाही. तेथे भोवतालच्यापेक्षा उष्ण, कडक किंवा सुजलेली जागा हाताने चाचपावी. अशी जागा चोळू नये. मालिशने रक्त खेळते, हा समज येथे घातक ठरतो, कारण आतील दुखावलेल्या पेशी त्याने अधिकच फाटतात. तिच्यावर भार देणे थांबवावे, मग त्यासाठी दोन दिवस कुशीवर झोपून काढावे लागले तरी चालेल. दुर्लक्ष झाल्यास हीच जागा हाडापर्यंत पोखरली जाऊ शकते आणि मग कित्येक महिने अंथरुणात जातात.

त्वचा फुटलेली असल्यास पाण्यात उतरू नये. उष्ण प्रदेशांतील समुद्राच्या पाण्यात जखमेतून शिरणारे काही जिवाणू गंभीर संसर्ग घडवतात. दुर्गंधी, पू किंवा ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्यांनी आणखी एक लक्षण ध्यानात ठेवावे: न जाणवणाऱ्या जखमेमुळेही त्यांचा रक्तदाब एकाएकी वाढू शकतो. तीव्र डोकेदुखी, चेहऱ्याला घाम आणि लाली दिसताच त्यांना सरळ बसवावे, घट्ट कपडे सैल करावेत, मूत्रनळी तुंबली आहे का ते पाहावे आणि लगेच १०८ला फोन करावा.