माळवद उतरवताना

मराठवाड्यातलं माळवदाचं घर पाडायचं काम छतावरून सुरू होतं. खाली सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलच्या म्हणजे लाकडी पट्ट्या, त्यावर चिपाडं किंवा पाला आणि सगळ्यांत वर पांढरी माती. लातूर, औसा, उदगीर, कंधार, लोहा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या अशीच घरं बांधली गेली. उन्हाळ्यात ती गार राहतात. पण पावसाळ्याच्या तोंडावर गळती थांबवायला वर नवी माती टाकायची आणि जुनी तशीच ठेवायची, यामुळे थर वाढत जातो. 10 बाय 10 फुटांच्या खोलीवर दोन फूट माती साचली, तर ती 200 घनफूट होते. वजन साधारण नऊ टन!

माती-दगडाच्या अशा वजनाची किंमत लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांनी मोजली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले होते. चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती फाकल्या आणि हजारो माणसं दगड-मातीखाली गेली. अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा मात्र उभा होता. तरीही लोकांच्या मनात लाकूड-मातीच्या घराची जी धास्ती बसली, ती समजण्यासारखी आहे. 52 गावांचं पूर्ण पुनर्वसन झालं. जिथे जुनी घरं राहिली, तिथे छतावरची जादा माती कमी करा, खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके टेकू द्या, असे सल्ले तज्ज्ञांनी दिले.

घर उतरवताना म्हणूनच माती आधी काढायची. तीही दोन्ही बाजूंनी सारखी, नाहीतर एकीकडे भार राहून तुळई कलते. माणसं टिकाव-फावड्यानं माती सैल करतात आणि घमेल्यांनी खाली देतात. धूळ डोळ्यांत जाते, चिपाडांत विंचू निघतात. तोंडाला फडकं आणि पायांत बूट हवेतच. मग किलच्या निघतात. तुळई दोर बांधून, खालून टेकू देऊन उतरवायची. तिचं कुसू, म्हणजे कोरून बारीक केलेलं टोक, खांबाच्या वेजात (खाचेत) बसवलेलं असतं. पहारीनं उचकटण्याऐवजी लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकलं, तर सांधा न फुटता सुटतो. खांब दगडी उथळ्यावर नुसता टेकलेला असतो, तो शेवटी निघतो.

खरी पारख पुढे. तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक ओलीनं कुजतं, तिथेच वाळवी लागते. हातोडीनं ठोकून पाहिलं की पोकळ भाग लगेच कळतो. तेवढं टोक कापलं, तर मधलं सागवान कित्येक दशकं चालतं. त्यातून चौकटी, दारं, पलंग होतात. कोरीव दरवाजांना तर दूरच्या शहरांतूनही गिऱ्हाईक येतं. लाकडात एखादा खिळा राहिला, तर कटाई मशीनचं पातं मोडतं, म्हणून खिळे आधीच उपसावे लागतात. चिखलात रचलेला काळा दगडही अखंड निघतो. सिमेंटच्या भिंतीतली वीट अशी क्वचितच सुटते.

आता जेसीबी येतो आणि दुपारपर्यंत जागा मोकळी होते. मजुरी वाचते, पण तुळया मधोमध मोडतात, चौकटी चिरतात, दगड-माती-लाकडाचा एकच ढीग होतो. घरमालकाला घाई असेल, तर निदान माती, लाकूड आणि चौकटी हातानं उतरवून घ्याव्यात. भिंतींचं काम मग मशीनला खुशाल द्यावं.