सहाव्या वर्षाची दाढ



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खत-पाणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय दातांचा आहे. ऊस खात्याला दातांशी काय करायचे, असे कोणी विचारील. पण साखर आपण पिकवतो आणि ती आपलीच पोरे खातात. शिवारात फिरताना सात-आठ वर्षांच्या मुलांच्या किडक्या दाढा आम्ही पाहतो. "दुधाची आहे, पडेल," असे घरचे म्हणतात. पुष्कळदा ती दुधाची नसते, पक्की असते.

लागण, खोडवा आणि पुढे काही नाही

दुधाचे दात 20. ही लागण समजा. सहाव्या महिन्याच्या सुमारास पहिला दात दिसतो, अडीच-तीन वर्षांत सगळे येतात. पुढे पक्के दात 32, हा खोडवा. उसाचा निडवा घेता येतो, दाताचा नाही.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे चार नव्या दाढा येतात, वर दोन आणि खाली दोन. त्यांच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाच्या ध्यानात येत नाही. या दाढा जन्मभराच्या.

दुधाचे दात किडू द्यावेत असेही नव्हे. दुधाची दाढ वेळेआधी गेली तर शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दाताची जागा अडते.

दाताची घडण

उसाला कांड्यावर टणक साल, तसे दातावर एनॅमल. शरीरात याहून कठीण काही नाही. त्याखाली डेंटीन, आणि आत गाभा. गाभ्यात रक्तवाहिन्या व नसा. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात, म्हणून गेलेले एनॅमल परत येत नाही.

पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथील सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या मुलांचे दात अभ्यासकांनी तपासले. बाळपणी झालेल्या आबाळीच्या खुणा एनॅमलवर तशाच होत्या. मातीत इतकी टिकणारी वस्तू तोंडात मात्र थोड्या वर्षांत किडते.

कीड कशी लागते

दातात अळी नसते. दातावरच्या चिकट थरातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात. जमिनीचा सामू आपल्याला ठाऊक आहे. तोंडातला सामू 5.5 च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते. लाळ ते आम्ल हळूहळू मारते, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे. जेवणाबरोबर गोड खाल्ले तर हरकत कमी. दिवसभर गोळी चघळली तर दाताला उसंतच नाही. गूळ, रस आणि ऊस यांनाही हाच नियम. साखर आपला माल खरा, पण खरे ते सांगितलेच पाहिजे.

काय करावे

1. मूल सहा वर्षांचे झाले की बोटाने गाल बाजूला करून मागची दाढ बघा. काळी रेघ वा खड्डा दिसला तर दुखण्याची वाट पाहू नका. तेव्हा दाढ भरून वाचते. कीड गाभ्यात गेली की खर्च आणि वेदना दोन्ही वाढतात.
2. सकाळी व रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी हात लावावा.
3. दूध-साखरेची बाटली तोंडात धरून बाळाला झोपवू नये.
4. मशेरी बंद करा. ती तंबाखूच आहे. हिरड्या बिघडवते आणि तोंडाचा कर्करोग आणते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्यात अंगणवाडी व शाळेतील मुलांचे दातही तपासतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पुढील उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

तोडीला जाणाऱ्या कुटुंबांपर्यंतही सभासदांनी हे पोहोचवावे. त्यांच्या पोरांना उसाचे कांडे सहज मिळते, पेस्ट मिळत नाही.