दूरस्थ दीर्घिकासमूहांची क्ष-किरण वैशिष्ट्ये आणि त्यांची कालसापेक्ष उत्क्रांती

प्रस्तावना :

गुरुत्वाकर्षणाने बांधल्या गेलेल्या विश्वातील सर्वांत मोठ्या रचना म्हणजे दीर्घिकासमूह होत. एका समूहात शेकडो ते हजारो दीर्घिका असतात. परंतु समूहाच्या वस्तुमानात ताऱ्यांचा वाटा अवघा काही टक्के असतो. सुमारे ८५ टक्के वस्तुमान कृष्णद्रव्याचे असते आणि उर्वरित बहुतांश दीर्घिकांमधील अवकाशात पसरलेल्या अतितप्त वायूचे असते. हा वायू प्रकाशीय दुर्बिणीला दिसत नाही, तो क्ष-किरणांत दिसतो. दूरच्या समूहांचे प्रारण कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेले असल्याने जवळच्या व दूरच्या समूहांची तुलना ही विश्वाच्या निरनिराळ्या कालखंडांची तुलना ठरते. या तुलनेतून काय निष्पन्न होते आणि तिचा अर्थ लावताना कोणती दक्षता आवश्यक आहे, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

क्ष-किरणांचा उगम :

समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने आत खेचला जाणारा वायू आघात-तरंगांमुळे १ कोटी ते १० कोटी अंश केल्विनपर्यंत तापतो. मात्र तो इतका विरळ असतो की एका लिटरमध्ये सरासरी एखादाच कण आढळावा. या वायूतील इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांजवळून जाताना विचलित होतात आणि क्ष-किरण उत्सर्जित करतात. उत्सर्जनाची तीव्रता घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. घनता दुप्पट झाली तर तेज चौपट होते. पुढील विवेचनाची गुरुकिल्ली याच नियमात आहे.

१९७० साली प्रक्षेपित झालेल्या ‘उहुरू’ उपग्रहाने ययाती, कन्या इत्यादी समूहांतील विस्तृत क्ष-किरण उत्सर्जन दाखवून दिले. १९७६ साली ‘एरियल-५’ उपग्रहाला ययाती समूहाच्या वर्णपटात लोहाची रेषा आढळली. त्यामुळे हे उत्सर्जन तप्त वायूचेच असल्याचे स्पष्ट झाले.

अपेक्षित उत्क्रांती आणि निरीक्षणे :

१९८६ साली निक कैसर यांनी ‘स्वसदृश’ प्रतिमान मांडले. केवळ गुरुत्वाकर्षण कार्यरत असेल, तर सर्व समूह एकमेकांच्या लहान-मोठ्या प्रतिकृती असावेत. पूर्वी विश्व अधिक दाट होते. ताम्रसृती १ असताना, म्हणजे सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी, त्याची क्रांतिक घनता आजच्या तिप्पट होती. त्यामुळे समान वस्तुमानाचा तत्कालीन समूह आजच्या समूहापेक्षा अधिक दाट, अधिक तप्त आणि तिपटीहून अधिक तेजस्वी असावा, असे हे प्रतिमान सांगते.

निरीक्षणांनी या अपेक्षेला अंशतःच दुजोरा दिला. तेजस्विता तापमानाच्या वर्गाप्रमाणे वाढणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ती जवळजवळ घनाप्रमाणे वाढते. याचा अर्थ, गुरुत्वाकर्षणाखेरीज अन्य ऊर्जास्रोतही या वायूवर परिणाम करतो आणि लहान समूहांवर तो अधिक प्रकर्षाने जाणवतो.

गाभ्याचे कोडे :

अनेक समूहांच्या गाभ्यातील वायू इतका दाट असतो की तो १०० कोटी वर्षांच्या आत थंड होऊन त्यापासून विपुल तारे जन्मावयास हवेत. बहुतेक ठिकाणी तसे घडत नाही. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव धारण करणाऱ्या आणि १९९९ साली प्रक्षेपित झालेल्या ‘चंद्रा’ वेधशाळेने याचे कारण पुढे आणले. केंद्रस्थ कृष्णविवराजवळून निघणारे झोत वायूत पोकळ्या निर्माण करतात व त्याला पुन्हा तापवतात. भुजंगधारी समूहातील अशीच एक महाकाय पोकळी २०२० साली निश्चित झाली. त्या अभ्यासात पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांचाही उपयोग झाला.

मायकेल मॅकडोनाल्ड व सहकाऱ्यांनी २०१७ साली सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच्या समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गाभ्याबाहेरील वायू स्वसदृश प्रतिमानाप्रमाणे बदलत गेल्याचे, परंतु थंड गाभ्यांची घनता एवढ्या प्रदीर्घ काळात जवळजवळ स्थिर राहिल्याचे आढळले. समूहाचा बाह्यभाग विश्वाबरोबर बदलतो. गाभा मात्र आपला समतोल राखून असतो.

विश्वाचे मोजमाप :

हा भेद केवळ तपशिलाचा नाही. कोणत्या काळी किती वस्तुमानाचे किती समूह होते, यावरून कृष्णद्रव्य व कृष्णऊर्जा यांचे प्रमाण ठरविता येते. वस्तुमान मात्र बहुधा क्ष-किरण गुणधर्मांवरून अनुमानावे लागते. दाट गाभ्याचा समूह घनतेच्या वर्गाच्या नियमाने अधिक तेजस्वी दिसतो. तो सर्वेक्षणात सहज सापडतो आणि वास्तवाहून अधिक जड भासतो. शिवाय पृष्ठीय तेज ताम्रसृतीनुसार झपाट्याने घटते. ताम्रसृती १ असता ते सोळा पटींनी कमी होते. म्हणून गाभा वगळून मापन करणे आणि गुरुत्वीय भिंगाच्या परिणामावरून वस्तुमानाची स्वतंत्र पडताळणी करणे अपरिहार्य ठरते. २०१९ साली प्रक्षेपित झालेल्या ‘इरोसिटा’ दुर्बिणीच्या २०२४ मधील सूचीत अर्ध्या आकाशातील १२,२४७ समूहांची नोंद आहे. त्यांवर आधारित विश्वरचनाशास्त्रीय विश्लेषणातही ही पडताळणी करण्यात आली.

समारोप :

दीर्घिकासमूहांच्या क्ष-किरण तेजात दोन इतिहास एकत्र मिसळलेले आहेत : एक प्रसरणशील विश्वाचा आणि दुसरा केंद्रस्थ कृष्णविवराचा. पहिला प्रामुख्याने बाह्यभागात वाचता येतो, दुसरा गाभ्यात. त्यांची गल्लत झाल्यास समूहाचे वस्तुमान चुकते आणि त्याबरोबर विश्वाच्या घटकांविषयीचा निष्कर्षही चुकतो. अशी निरीक्षणे अभ्यासताना किंवा शिकविताना दिसणारे तेज कोणत्या भागातून येते, हा प्रश्न म्हणूनच सर्वप्रथम विचारला पाहिजे.