शुश्रूषागृहाचा दर्जा कसा ओळखाल?
मोडनिंब (ता. माढा) - महामार्गालगतच्या मोडनिंबसारख्या गावातून रुग्णाला खासगी शुश्रूषागृहात हलविण्याचा निर्णय बहुधा घाईत होतो. इमारतीवरून सेवेचा दर्जा कळत नाही. 'महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९'नुसार नोंदणी सक्तीची असून, प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. २०२१च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रकही लावावे लागते. मात्र, केवळ कागदपत्रांवरून शुश्रूषेची खात्री पटत नाही. रात्रपाळीला प्रशिक्षित परिचारिका किती, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली जाते का, औषधे दिल्याची नोंद वेळेसह होते का, हे नातेवाइकांनी विचारावे. पाठीवर होणाऱ्या शय्याव्रणांपैकी बहुतांश योग्य शुश्रूषेने टाळता येतात. त्यामुळे रुग्णाची पाठ रोज पाहावी. त्वचा लाल दिसताच डॉक्टरांना सांगावे.