बुडालेल्याला वाचविताना



मी आयुष्यभर भाषा शिकविली, वैद्यक नव्हे. तथापि आजच्या विषयाचा आरंभ एका शब्दापासूनच करावा लागतो. ‘बुडाला’ म्हटले की माणूस गेला, असे आपण समजतो. २००२ साली ॲमस्टरडॅम येथील जागतिक परिषदेत तज्ज्ञांनी या शब्दाचा अर्थ नव्याने ठरविला. पाण्यात श्वसनास अडथळा येण्याची प्रक्रिया म्हणजे बुडणे. तिचा शेवट मृत्यू, व्यंग अथवा पूर्ण आरोग्य यांपैकी कोणताही असू शकतो. ‘बुडता बुडता वाचलेला’ असा वेगळा वर्ग त्यांनी ठेवला नाही. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. ‘वाचला’ म्हणताच आपण निश्चिंत होतो आणि धोका नेमका तेथेच असतो.

फुप्फुसांत पाणी बहुधा थोडेच शिरते. परंतु तेवढ्यानेही वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध लेप धुऊन जातो, वायुकोश मिटतात आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. पाणी गोडे की खारे, याने उपचार बदलत नाही. प्रथम शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, त्यापाठोपाठ हृदय. मेंदूची हानी काही मिनिटांतच सुरू होते.

म्हणून पहिला उपचार श्वासाचा. उलटे धरून अथवा पोट दाबून पाणी काढण्याची रूढी घातक आहे. तीत वेळ जातो आणि पोटातील अन्न श्वासनलिकेत शिरते. अशा समजुती केवळ आपल्याकडेच होत्या असे नाही. बुडालेल्यांना वाचविण्यासाठी १७६७ साली ॲमस्टरडॅममध्येच स्थापन झालेली संस्था गुदद्वारातून तंबाखूचा धूर भरण्याचाही सल्ला देत असे!

पोहून वाचविण्याचे शिक्षण नसेल तर पाण्यात उडी घेऊ नये. दोर वा बांबू पुढे करावा. बाहेर काढलेला मनुष्य श्वास घेत नसेल तर त्यास उताणे निजवावे, हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोराने दाबून २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दरम्यान दुसऱ्याने ११२ क्रमांकावर कळवावे. श्वास चालू पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवावे, ओले कपडे काढून ऊब द्यावी.

शुद्धीवर आलेल्यालाही खोकला वा धाप असल्यास इस्पितळात न्यावेच. फुप्फुसांची अवस्था पुढील काही तासांत बिघडू शकते. म्हणून तेथे प्राणवायू देऊन साधारण चार ते आठ तास देखरेखीखाली ठेवतात.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांच्या या शाळेने प्रत्येक विद्यार्थ्यास तीस आणि दोनचे हे गणित हाताने करून शिकवावे, एवढीच माझी विनंती.